भिंतीपर्यंत चालून दाखवा

माझ्या डाव्या कानात एक बारीक सूर आहे. उन्हात तापलेल्या तारेतून वारा जात राहावा तसा तो चालू असतो. जेवताना, वाचताना, कुणी समोर बसून बोलत असतानाही तो थांबत नाही. त्याची सवय झाली आहे असे मी लोकांना सांगतो. ते पूर्णपणे खरे नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना मी दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारून आलो आहे, आणि फेऱ्या मारताना एक हात भिंतीला लावून ठेवला आहे.

मला क्षय झाला होता आणि तो बरा झाला. ज्यांच्या घरी आज हा आजार आहे त्यांना धीर यावा म्हणून हे लिहावे असे पुष्कळांनी सुचविले. धीर तर मी देतोच; औषधे आता चांगली आहेत, माणूस बरा होतो. परंतु या आजारात मला जे कळले ते माझ्या फुप्फुसाविषयी थोडे आणि माझ्या कामाविषयी फार होते. ते वगळून लिहिले तर हा मजकूरही माझ्या जुन्या अहवालांसारखाच होईल.

माझे काम

आजारी पडण्यापूर्वी सहा-सात वर्षे मी अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत घरपोच शुश्रूषेचा निरीक्षक होतो. रुग्णालयात खाटा थोड्या आणि क्षयाचे रोगी फार, म्हणून अमरावतीच्या काही सज्जनांनी एक समिती स्थापन केली होती. समितीच्या परिचारिका व कंपाउंडर रोग्याच्या घरी जात, स्ट्रेप्टोमायसिनची सुई देत, गोळ्या समोर गिळवून घेत, थुंकीच्या भांड्याला झाकण आहे की नाही ते पाहत आणि सारे नोंदवहीत लिहीत. हे काम नीट आणि निर्धोक चालले आहे की नाही, हे पाहणे माझ्याकडे होते.

मी ते मनापासून करीत असे, असे मला वाटत होते. घरातल्या बायकांची तारांबळ होऊ नये म्हणून भेटीच्या चार दिवस आधी मी पोस्टकार्ड टाकीत असे. हे मी सौजन्य समजत होतो. त्यामुळे मी गेलो ते प्रत्येक घर सारवलेले, प्रत्येक सुई उकळलेली आणि प्रत्येक रोगी धुतलेल्या सदऱ्यात बसलेला असे. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारी, "तक्रार काही नाही ना?" आतून उत्तर येई, "नाही जी, सगळं बराबर हाय." मी तसे लिही.

आत न जाण्याचे कारण मी संसर्ग असे सांगत असे. काही वस्त्यांत दुसरेही कारण होते. ते मी त्या काळी स्वतःशीसुद्धा उच्चारले नाही.

चिठ्ठी

अकोला केंद्रावर गोदावरीबाई तायडे नावाच्या परिचारिका होत्या. पस्तिशीच्या, उंच, चालण्यात वेग. नागपूरच्या दीक्षेनंतर त्यांच्या घराने बौद्ध धर्म स्वीकारला होता. बोलणे सरळ, माझ्यासारख्या हळू बोलणाऱ्याला ते अंगावर आल्यासारखे वाटे. त्यांची नोंदवही शाईच्या डागांनी आणि तक्रारींनी भरलेली असे. कुणी गोळ्या उशीखाली लपविल्या, कुणाच्या घरी थुंकीच्या भांड्यात टाकायचा चुना संपला, कुणाला ओकारी झाली, सगळे त्या लिहीत.

मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करणारे किसनाजी हे त्यांचे एक रोगी होते. मी तपासणीला गेलो त्या दिवशी गोदावरीबाई त्यांना डोळे मिटायला लावून खोलीत चालवीत होत्या. किसनाजी चुलीपासून निघत आणि समोरच्या भिंतीकडे न जाता तिरके जाऊन कणगीला धडकत.

"बाई, हा काय खेळ चालला आहे?" मी दारातून विचारले.

"खेळ नाही जी साहेब. या सुईनं मानसाचा झोक जाते, तोल राहत नाही. कानात आवाज येते. तोंडानं इचारलं तं कोनी सांगत नाही. म्हनून मी चालवून पाहतो."

"पण बारा दिवस इंजेक्शन चुकलेले दिसते."

"चुकलं नाही, थांबवलं. डॉक्टरसायबाले चिठ्ठी लिवली. तुमच्याच हातात देल्ली होती नं."

हे खरे होते. डॉक्टरांकडे जाणारी प्रत्येक चिठ्ठी निरीक्षकामार्फत जावी असा आमचा नियम होता, आणि तो मीच सुचविलेला होता. डॉक्टर अमरावतीहून आठवड्यातून दोनच दिवस अकोल्यास येत. त्यांना किरकोळ कारणांचा उपद्रव होऊ नये, एवढा माझा हेतू. गोदावरीबाईंची चिठ्ठी मी वाचली होती. काम टाळण्याचे ते निमित्त आहे असे मी ठरविले. तिच्या कोपऱ्यात मी दोन शब्द लिहिले, "सबब. दप्तरी." आणि ती दप्तरात गेली.

त्या महिन्याच्या अहवालात मी शेरा दिला: नोंदवही अस्वच्छ, बारा इंजेक्शने चुकविली, वृत्ती उद्धट, काम असमाधानकारक. तो लिहिताना बाईंचे आडनाव माझ्या मनात मुळीच नव्हते, असे मी आज छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्यांची बदली चांदूर बाजारला झाली. किसनाजींचे उपचार कंपाउंडर वसंतरावांकडे गेले आणि त्यांची सुई पुन्हा सुरू झाली. वसंतराव मृदू बोलत आणि त्यांच्या वहीत एक डाग नसे. त्यांच्या नावापुढे मी "अनुकरणीय" असे लिहिले होते.

पुढच्या दोन भेटींत किसनाजी दाराची चौकट धरून उभे होते. मी लिहिले, "किंचित अशक्तपणा. प्रगती समाधानकारक."

फोटोचा दिवस

यानंतर दोन वर्षांनी मला खोकला लागला. नवे राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. कागदांवरचे शिक्के बदलत होते आणि माझे दौरे वाढले होते. कापसाच्या जिनिंगची धूळ लागली असेल म्हणून मी दोन महिने काढले. चांदूर रेल्वेच्या फलाटावर रुमालात रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा मी प्रथम इकडेतिकडे पाहिले. कुणी ओळखीचे नव्हते याचे मला बरे वाटले. रक्तापेक्षा ते बरे वाटणे माझ्या अधिक लक्षात राहिले आहे.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. ते आमच्याच समितीचे डॉक्टर. त्यांच्याशी मी वर्षानुवर्षे इतरांच्या डागांविषयी बोललो होतो.

"तुम्हाला मी काय सांगायचं?" ते म्हणाले.

"सांगा तरी," मी म्हणालो. मला ते शब्द ऐकायचे होते. रोग्याला बसवून, शांतपणे सांगावे, असे मी परिपत्रकात लिहिले होते. त्यांनी मला बसविले आणि सांगितले. मी मान हलवीत राहिलो आणि एक अक्षरही माझ्यात शिरले नाही.

घरी आलो. माझी पत्नी कमल ताकाला रवी लावीत होती. मी दारातच उभा राहिलो.

"आत या की," ती म्हणाली. "पाहुण्यासारखे काय उभे?"

"मला क्षय आहे, कमल."

रवी थांबली नाही. तिचा वेग मात्र बदलला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग दारात उभं राहून तो जाणार आहे का?"

खाट

तीन आठवडे मी रुग्णालयात होतो. पहाटे जिभेखाली तापमापकाची काच, मग थुंकीचा वाडगा, मग दूध, मग सुई, मग दिवसभर छताकडे पाहणे. विश्रांती घ्या, असे प्रत्येक जण सांगे. पडून राहण्याइतके अवघड काम मी पूर्वी केले नव्हते. पायांना चैन नसे. मी खाट खिडकीकडे सरकवून मागत असे, मग पुन्हा भिंतीकडे. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ म्हणत, "निरीक्षकसाहेब, तुमची खाट दौऱ्यावर निघाली काय जी?"

त्यांची सून डब्यात ज्वारीची भाकर आणि मुगाच्या वड्यांची भाजी आणी. त्यातला अर्धा वाटा ते मला न विचारता काढून ठेवीत. माझ्याकडे नातलग कमी येत, आणि येत तेही खाटेपासून चार हात लांब उभे राहत. त्यांना मी दोष देत नाही. तेवढेच अंतर ठेवून मी लोकांच्या दारात उभा राहिलो होतो.

अनुकरणीय

पुढचे उपचार घरी ठरले. अकोला केंद्रावर वसंतरावच होते. रोज सकाळी साडेसातला ते सायकल भिंतीला लावीत, हात धूत, पिचकारी उकळीत, कमरेवर सुई देत. हात हलका होता. निघताना विचारीत, "काही त्रास नाही ना, साहेब?"

"नाही, नाही," मी म्हणे.

पाचव्या आठवड्यात कानात सूर सुरू झाला. प्रथम मला वाटले, कुठे तरी गिरणी चालू आहे. मी कमलला विचारले. ती म्हणाली, आज गिरणी बंद आहे. मग दृष्टी हलू लागली. उठून चालताना समोरचे कॅलेंडर पावलागणिक उडे. अंधुक प्रकाशात मला जमिनीचा भरवसा वाटेना. मी कुठेच दोन घटका बसू शकत नव्हतो, आणि उठलो की उभा राहू शकत नव्हतो.

वसंतराव रोज विचारीत होते, "काही त्रास नाही ना?" मी रोज "नाही" म्हणत होतो.

का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. सकाळी सायकलवरून येऊन आपली सेवा करणाऱ्या माणसाला, त्याच्या तोंडावर, त्रास होतो असे म्हणणे आपल्याकडे कृतघ्नपणाचे वाटते. प्रश्नही असा की त्याचे उत्तर त्यातच घालून दिलेले. एके सकाळी त्यांची वही कोचावर राहिली, ती मी उघडली. "तक्रार" या रकान्यात येत्या शनिवारपर्यंतची "नाही" लिहून तयार होती. मी वही मिटून होती तशी ठेवली. मला धक्का बसायला हवा होता. मला केवळ आठवले की हा रकाना कोरा ठेवू नये, अशी ताकीद मीच दिली होती.

ज्यांच्या घरी आज सुई चालू आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे: कान वाजला, पाऊल डळमळले, तर त्याच दिवशी सांगा. विचारणाऱ्याचे मन राखू नका.

गुरुवारची भेट

सोमवारी पोस्टकार्ड आले. माझ्या जागी नेमलेले निरीक्षक गोविंदराव गुरुवारी तपासणीला येणार होते. कार्डातला मजकूर शब्दशः माझा होता.

कमलने घर सारवले. थुंकीच्या भांड्यात ताजा चुना घातला, मला धुतलेला सदरा दिला. मी म्हणालो, "हे कशाला?" ती म्हणाली, "लोक येणार म्हटल्यावर घाण दाखवायची का?"

गोविंदराव आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. भला माणूस, काम माझ्या हाताखाली शिकलेला.

"साहेब, तुमची काय तपासणी करायची आम्ही? तक्रार काही नाही ना?"

सव्वीस दिवस माझा कान वाजत होता. मी खाटेची कड घट्ट धरून बसलो होतो, कारण दारातले गोविंदराव मला डोलताना दिसत होते.

"नाही," मी म्हणालो. "सर्व समाधानकारक."

त्यांनी लिहिले. कमलने चहा दिला, तो त्यांनी ओट्यावर उभ्यानेच घेतला. मग सहज म्हणून म्हणाले, "येत्या सोमवारी अमरावतीला समितीची बैठक आहे. त्या चांदूर बाजारच्या तायडेबाई आठवतात ना? तिथंही तेच. वहीत नुसत्या कुरकुरी. या खेपेला काढूनच टाकायचं ठरतंय. तुमचा तो जुना शेरा आहेच आधाराला."

तेव्हा मला सर्व ठाऊक होते. बाई काय लिहीत होत्या, ते का लिहीत होत्या, आणि त्यांच्या चिठ्ठीवर कोणाचे अक्षर आहे. तरी मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "बरं."

ते गेल्यावर मला तोंड धुवावेसे वाटले. मोरीत गेलो, ओंजळीत पाणी घेतले, डोळे मिटले, आणि जमीन पायाखालून निघून गेली. घंगाळ्यावर कपाळ आपटले.

कमल धावत आली. मला भिंतीला टेकवून बसविले, पदराने कपाळ पुसले.

"कधीपासून?"

"सव्वीस दिवस."

"आणि आत्ता त्यांना काय सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "काहून खोटं बोललात? आयुष्यभर लोकांची घरं तपासली, आणि स्वतःच्या मोरीत उभं राहता येईना, तेही लपवायचं?"

ओल्या जमिनीवर बसून मी तिला किसनाजी, गोदावरीबाई आणि चिठ्ठी, सारे सांगितले. डोळे उघडे असतात तोवर माणूस नजरेने तोल सावरून घेतो. मिटले की खरे कळते. बाई डोळे का मिटायला लावीत, हे मला मोरीत पडल्यावर समजले होते.

कमलने ओला पदर पिळला. "सुई किसनाजीला दिली वसंतरावांनी," ती म्हणाली, "पण बाईनं थांबवली होती ना?"

"होय."

"मग चालू तुम्ही केलीत."

अमरावती

शुक्रवारी मी वसंतरावांना सांगितले, आज सुई नको. ते गोंधळले. "वहीत काय लिहू, साहेब?" मी म्हणालो, "नको म्हणालो, तेच लिहा."

सोमवारी कमल माझा दंड धरून मला गाडीत घेऊन बसली. बडनेऱ्याला गाडी बदलताना मी फलाटावर दोनदा बसलो. लोकांना दारू प्यालेला वाटलो असेन. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा मी म्हणालो, "परत जाऊ. पत्र पाठवीन." कमल म्हणाली, "पत्र दप्तरी जातं. उठा."

समितीच्या खोलीत लांब मेजाभोवती चौघे बसले होते: निवृत्त वकील असलेले अध्यक्ष, डॉक्टर, कार्यवाह आणि गोविंदराव. मेजावर चांदूर बाजारची आणि तुलनेसाठी आणलेली अकोल्याची वही उघडी होती.

"अरे, तुम्ही? बसा, बसा," अध्यक्ष म्हणाले. "प्रकृती कशी आहे?"

"तेच दाखवायला आलो आहे. मी डोळे मिटून त्या भिंतीपर्यंत चालतो. कृपा करून कुणी हात देऊ नये."

"हे काय नाटक?" कार्यवाह म्हणाले.

मी कमलचा हात सोडला आणि डोळे मिटले. तिसऱ्या पावलापर्यंत मी सरळ होतो असे मला वाटले. चौथ्याला खोली कलली. मी कपाटावर आदळलो आणि कपाटाच्या काचेचा खणखणाट झाला. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरांनी मला काखेत हात घालून धरले होते.

"कानात आवाज येतो?"

"एक महिना झाला."

डॉक्टरांनी मागे वळून विचारले, "वहीत काय आहे?"

कार्यवाहांनी अकोल्याची वही उलटली. "तक्रार नाही. तक्रार नाही. तक्रार नाही..." पाच-सहा वेळा वाचून ते थांबले.

"पण मी गुरुवारी स्वतः विचारलं होतं," गोविंदराव हळूच म्हणाले.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "मी खोटे सांगितले. कसे विचारायचे ते मीच तुम्हाला शिकविले आहे. आता ज्या कपाटावर मी पडलो, त्यात अकोल्याचे जुने दप्तर आहे. त्यात गोदावरीबाईंची एक चिठ्ठी आहे. ती काढावी."

ती सापडायला वेळ लागला. डॉक्टरांनी चिठ्ठी उभ्यानेच वाचली. "किसनाजी. डोळे मिटून चालविले. झोक जातो. कानात आवाज. सुई थांबवली. येऊन पाहावे."

"ही माझ्यापर्यंत आलीच नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवून कोपऱ्यातले दोन शब्द पाहिले. वकिली केलेला माणूस. त्यांनी माझ्यासाठी एक वाट मोकळी ठेवली.

"अक्षर जुनं आहे. दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता?"

"नाही," मी म्हणालो. "माझेच आहे."

नंतर

गोदावरीबाईंना काढण्याचा कागद त्या दिवशी बाजूला ठेवला गेला. माझे नाव निरीक्षकांच्या यादीतून कमी करण्यात आले. तसे करावे असे, माझी चूक नोंदवून, मीच लिहून दिले होते. माझी सुई बंद झाली, गोळ्या आणि कडू पुड्या दीड वर्ष चालल्या. फुप्फुस भरून आले. तोल पुष्कळ परतला, सगळा नाही.

वसंतराव एकदा भेटायला आले. हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, वही स्वच्छ ठेवा, हे तुम्हीच मला शिकवलं होतं." त्या बोलण्यात राग नव्हता.

हिंडण्याची परवानगी मिळाल्यावर मी चांदूर बाजारला गेलो. या खेपेला कार्ड पाठविले नाही. गोदावरीबाई खांद्याला पिशवी लावून एका रोग्याच्या घराकडे निघाल्या होत्या. मी रस्त्यातच माफी मागू लागलो.

"मले कायले माफी मांगता जी?" त्या थांबल्या, पण पिशवी खाली ठेवली नाही. "मी तं चालून राहिली धडधड. किसनाजीकडे गेले काय?"

"नाही."

"काहून?"

मी नजर बाजाराकडे वळविली.

"आता आलेच तं आंदी डोये मिटा, अन् त्या भिंतीपावतर चालून दाखवा."

भर रस्त्यात, बाजाराला जाणाऱ्या लोकांदेखत मी चाललो. सात पावले सरळ गेली. आठव्याला त्यांनी माझी बाही धरली.

"डावीकडं झुकता," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या बाजूनं चालत जा." आणि वेगाने निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी मी मोर्णेच्या काठी गेलो. किसनाजी मळ्याच्या कडेला गोणपाट टाकून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधीत होते. शेजारी काठी होती. पलीकडे वाफ्यांमधल्या चिंचोळ्या बांधावरून त्यांची सून पाण्याला वाट देत चालली होती. हे काम पूर्वी त्यांचे होते. बांधावर आता त्यांचा पाय ठरत नाही, हे मला कुणी सांगावे लागले नाही.

मला येताना पाहून ते हसले. "साहेब, तुमी बी डोलून राहिले? चांगली जोडी जमली आपली!"

मी त्यांच्यापाशी वाकलो आणि जे म्हणायला आलो होतो ते म्हणालो. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

सून तिथूनच ओरडली, "मोठ्यानं बोला जी! त्यायले आयकू येत नाही!"

मी जन्मभर हळू बोललो आहे. हळू बोलणे हा माझा सद्गुण आहे असे मला वाटे. मी पुन्हा बोललो, आणखी मोठ्याने. त्यांनी कानामागे हात धरला. "हां?"

तेव्हा मी ओरडलो. "बाईंची चिठ्ठी मी दाबून ठेवली! तुमची सुई बंदच राहिली असती! चूक माझी आहे!"

पलीकडच्या मळ्यात मेथी खुडणाऱ्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. पाण्याजवळ सून थबकली. माझे शब्द माझ्याच उजव्या कानात परत आले. डाव्यात तोच सूर चालू होता.

किसनाजींनी हातातली जुडी पूर्ण बांधली, गाठ मारली, टोपलीत ठेवली.

"हे तुमच्या त्या कागदावर लिवलं काय?" त्यांनी विचारले.

"लिहिले," मी ओरडून सांगितले.

ते गोणपाटावर थोडे बाजूला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

"मंग उभे कायले? बसा."

मी बसलो.